समोरच्या बाकावरची माणसे

गाडीच्या डब्यात पाऊल टाकल्यावर माणूस सर्वांत आधी काय करतो? तुम्ही म्हणाल, आपली जागा शोधतो. बरोबर आहे. पण जागा सापडली, सामान बाकाखाली सरकवून झाले, कपाळावरचा घाम पुसून झाला, की मग? मग तो समोर बसलेल्या माणसांवर एक ओझरती नजर टाकतो. ती नजर क्षणभराचीच असते. पण तेवढ्यात मनातल्या मनात किती निकाल देऊन मोकळा होतो म्हणता! हे गृहस्थ सरकारी नोकर दिसतात. ही बाई माहेराहून परत निघाली आहे. हा पोरगा परीक्षेला चालला आहे. आणि तो कोपऱ्यातला, त्याच्यापासून मात्र जरा सांभाळूनच राहिलेले बरे!

ही खोड तुम्हांला आहे, मलाही आहे. आज या खोडीविषयीच चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. सहप्रवाशांकडे पाहिल्याने काय कळते, काय कळत नाही, आणि पाहणाऱ्याने थांबावे कोठे, हा आपला विषय. विषय दिसायला हलका आहे खरा; पण मला तो एकदा चांगलाच जड गेला आहे. ती हकीकत ओघाने येईलच.

अनोळखी माणसांनी असे समोरासमोर बसून प्रवास करण्याची तऱ्हा आपल्याकडे फार जुनी नव्हे. बैलगाडीने किंवा पायी प्रवास होई, तेव्हा माणूस बहुधा आपल्या माणसांबरोबर निघे. वाटेत कोणी परका भेटलाच तर रामराम होई, गाव-पांढर विचारली जाई, आणि दोघे आपापल्या वाटेला लागत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. १४ डबे होते आणि सुमारे ४०० पाहुणे. त्या दिवसापासून आपल्या देशात एक नवीच बैठक सुरू झाली असे म्हटले तरी चालेल. ज्याचे नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, अशा माणसासमोर गुडघ्याला गुडघा लावून तासन्‌तास बसायचे, आणि गाडी थांबली की उठून निघून जायचे!

जर्मनीतले समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या गोष्टीचा मोठा मार्मिक विचार केला आहे. ते म्हणतात, एकोणिसाव्या शतकात आगगाड्या, ट्रामगाड्या आल्या, तोपर्यंत एकमेकांशी काही न बोलता इतका वेळ एकमेकांकडे नुसते पाहत बसण्याचा प्रसंग माणसांवर कधी आलाच नव्हता. ज्याचा शब्द कानी पडत नाही, फक्त चेहरा दिसतो, तो माणूस आपल्याला कोड्यासारखा वाटतो आणि मनाला थोडी बेचैनी लावतो. ही बेचैनी घालवण्यासाठीच आपण घाईघाईने त्या कोड्याचे उत्तर ठरवून टाकतो. बरं, आपल्याकडे तोंड फार वेळ बंद राहत नाही, हा आपला एक गुणच म्हटला पाहिजे. तरीही पहिला अर्धा तास सारा कारभार डोळ्यांचाच असतो.

हा कारभार नीट पाहायचा असेल तर लांबच्या गाडीने जावे. माझी आवडती गाडी म्हणजे महाराष्ट्र एक्सप्रेस. कोल्हापूरहून ती दुपारी सुटते. मिरज, सातारा, पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर असे करीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळनंतर गोंदियाला टेकते. सुमारे १,३५० किलोमीटरांचा पल्ला, आणि तो सारा महाराष्ट्रातच. ज्याला घाई आहे त्याने या गाडीच्या वाटेस जाऊ नये. ज्याला माणसे पाहायची आहेत त्याने मात्र एकदा तरी जावे.

शयनयानाच्या डब्यातला एक कप्पा आठ जणांचा असतो. समोरासमोर खालचा, मधला, वरचा असे तीन-तीन बर्थ, आणि येण्याजाण्याच्या वाटेपलीकडे बाजूचे दोन. म्हणजे एक लहानसे बिऱ्हाडच. पूर्वी डब्याच्या दाराशी आरक्षणाचा कागद चिकटवलेला असे. त्यावर प्रत्येकाचे नाव आणि वय छापलेले असायचे, आणि गाडीत चढण्याआधी आपला शेजार कोणाचा हे लोक बोट फिरवून वाचीत. आता तो कागद लावीत नाहीत. त्यामुळे अंदाजाचे काम सगळे आपल्यावरच आले आहे!

या बिऱ्हाडाचे पहिले भांडण ठरलेले असते, ते मधल्या बर्थवरून. झोपण्याची अधिकृत वेळ रात्री १० ते सकाळी ६. त्याआधी मधला बर्थ लावला की खालच्या बाकावर बसलेल्यांच्या माना वाकतात. म्हणून मी म्हणतो, माणसाचा स्वभाव ओळखायचा असेल तर तो रात्री साडेनऊच्या सुमारास ओळखावा. मधल्या बर्थचा धनी जांभया देऊ लागतो. खालचा मनुष्य ते पाहूनही खिडकीबाहेरच्या अंधारात काहीतरी फार महत्त्वाचे शोधत बसतो; किंवा आपण होऊन म्हणतो, “दमलेले दिसता, लावून घ्या बर्थ. मी पाय आखडून बसेन.” दोन्ही प्रकारची माणसे मी पाहिली आहेत, आणि दुसऱ्या प्रकारची आपण समजतो त्याहून जास्त निघतात.

आता पाहावे काय, ते सांगतो.

पहिले म्हणजे सामान. एके काळी वळकटी, पत्र्याची ट्रंक आणि फिरकीचा तांब्या एवढ्यावर प्रवाशाची ओळख पटे. आता चाकांच्या बॅगा आणि पाठीवरच्या सॅक आल्या. पण त्या गर्दीतही सुतळीने बांधलेले पोते अजून दिसते. पोत्यावर शाईने गावाचे नाव लिहिलेले असते आणि ते उचलताना आतले तांदूळ सरकतात. शिकायला शहरात राहिलेल्या मुलाकडे घरचा तांदूळ चालला आहे, असे समजायला हरकत नाही. कोणी बॅगेला साखळी घालून ती बाकाखालच्या कडीला कुलूपबंद करतो. एकदा त्याचे काहीतरी चोरीला गेले असेल, किंवा घरच्यांनी निघताना दहा वेळा बजावले असेल. लक्षात ठेवा, एकाच साखळीचे हे दोन अर्थ झाले. पुढे त्याचे काम पडणार आहे.

दुसरे म्हणजे हात. प्रवासाला निघताना माणूस कपडे चांगले घालतो, केस विंचरतो, पण तळहात काही बदलून येत नाही. शिंप्याच्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा असतो. मशीनवर काम करणाराच्या बोटांच्या रेषांत तेलाची काळी नक्षी राहून जाते, ती कितीही साबण लावला तरी पुरती निघत नाही. ऊसतोड करणाऱ्या बाईच्या हातांवर उसाच्या पात्याचे बारीक ओरखडे असतात. भाजी निवडताना किंवा मुलाला भरवताना हे हात दिसतात, मुद्दाम टक लावून पाहावे लागत नाही.

तिसरी गोष्ट बोली, आणि या गाडीची खरी मौज तीच. कोल्हापूर-कराडच्या बाजूला शेजारी विचारतो, “कुठं निघालासा?” पुण्याला चढलेले गृहस्थ विचारतात, “आपण कुठे उतरणार?” यात चौकशीपेक्षा जागेचा हिशेब अधिक असतो, बरं का! पहाटे चाळीसगावच्या पुढे अहिराणी कानावर येते, “काय करी राहिना?” अकोल्याला कोणी वऱ्हाडी म्हातारा हाक मारतो, “काहून बाप्पा, कुठी चालले?” आणि नागपूरजवळ “कुठे जाऊन राहिले?” सुरू होते. गंमत पाहा. पुण्याचा मनुष्य या ‘राहिले’ला हसतो. पण खानदेशातले ‘करी राहिना’ आणि नागपुरातले ‘करून राहिले’ यांत एकच ‘राहणे’ हे क्रियापद आहे. काम चालू आहे, अजून संपलेले नाही, हा अर्थ दोन्हीकडच्या माणसांनी त्याच एका शब्दातून साधला आहे. शाळेच्या व्याकरणात हे शिकवीत नाहीत. गाडीत ते फुकट शिकायला मिळते.

चौथी गोष्ट म्हणजे शिदोरी. कोल्हापूर-सांगलीच्या माणसाच्या पिशवीत भडंग निघते, साताऱ्याच्या माणसाकडे कंदी पेढ्यांचा खोका असतो, जळगावच्या बाजूला केळी चढतात, वर्ध्याहून येणारा गोरसपाक घेऊन येतो. डबा उघडला की “घ्या की थोडं” म्हणायचे, समोरच्याने दोनदा नको म्हणायचे आणि तिसऱ्यांदा घ्यायचे, ही आपली जुनी रीत. आता मात्र स्थानकावर ध्वनिक्षेपक सांगत असतो की अनोळखी माणसाने दिलेले काही खाऊ-पिऊ नका. त्या सूचनेत खोटे काहीच नाही. गुंगीचे औषध घालून प्रवाशांना लुबाडल्याचे प्रकार खरोखरच घडले आहेत. त्यामुळे हल्ली घ्या म्हणणाराही संकोचतो आणि नको म्हणणाराही संकोचतो. सावध राहावेच, पण सावधपणा आणि संशय यांचे बाक शेजारी शेजारी असतात. माणूस एकावरून दुसऱ्यावर केव्हा सरकतो हे त्याचे त्यालाच कळत नाही.

मुंबईच्या लोकलगाडीतले शास्त्र याहून निराळे. तेथे तिघांच्या बाकावर चौथा बसतो, म्हणजे अर्धा बसतो आणि अर्धा टेकतो. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली माणसांमाणसांतल्या अंतराचा अभ्यास मांडला. त्याच्या समाजातल्या निरीक्षणावरून त्याने सांगितले की, सुमारे ४५ सेंटिमीटरांच्या आत आपण फक्त अगदी जवळच्या माणसाला येऊ देतो. आता सकाळी साडेआठच्या लोकलमध्ये ४५ सेंटिमीटरांत किती जण मावतात ते तुम्हीच मोजा! शरीराला दूर सरता येत नाही, म्हणून मग डोळे दूर सरतात. कोणी पंख्याकडे पाहतो, कोणी जाहिरात पुनःपुन्हा वाचतो, आता बहुतेक जण हातातल्या मोबाइलमध्ये मान घालतात. याला माणूसघाणेपणा म्हणू नये. दुसरा एक अभ्यासक, अर्व्हिंग गॉफमन, याने १९६३ साली लिहिले की परक्याची दखल घेऊन लगेच नजर बाजूला वळवणे ही एक प्रकारची सभ्यताच होय. ‘तुम्ही आहात हे मी पाहिले, पण मी तुमच्या वाटेत येत नाही,’ असे ती वळलेली नजर सांगत असते.

लोकलमध्ये आणखी एक नाते जुळते. रोज ठरलेली गाडी, ठरलेला डबा, आणि ठरलेल्या खांबापाशी उभा राहणारा एक माणूस. त्याचे नाव माहीत नाही, कधी एक शब्द बोललो नाही. पण चार दिवस तो दिसला नाही तर जिवाला चुटपुट लागते. स्टॅनली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली अशा माणसाला ‘ओळखीचा अनोळखी’ म्हटले. आपल्या वडीलधाऱ्यांकडे हा शब्द नव्हता, पण माणूस होता.

असो. आता माझी हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी वैशाखात मी पुण्याहून याच गाडीने नागपूरला निघालो होतो. आमच्या कप्प्यात एक जोडपे आणि त्यांची पाच-सहा वर्षांची मुलगी होती, एक व्यापारी गृहस्थ होते, वरच्या बर्थवर सांगलीकडची एक कॉलेजातली मुलगी होती. बाजूच्या खालच्या बाकावर साठी ओलांडलेला एक शेतकरी बसला होता. मळकट धोतर, डोक्याला टोपी, एक कापडी पिशवी आणि मांडीवर स्टीलचा मोठा थर्मास. डोळे लालभडक. गाडी सुटली, दिवे मालवले, सारे आडवे झाले. हा गृहस्थ बसूनच. दौंडला तो थर्मास घेऊन खाली उतरला आणि गाडी सुटता सुटता धापा टाकीत चढला. नगरला पुन्हा तेच. परत आला तेव्हा थर्मासात काहीतरी खुळखुळले. बर्फाचा आवाज ओळखायला विद्वान असावे लागत नाही.

झाले! माझ्या मनाने निकाल दिला. लाल डोळे, झोप नाही, दर स्थानकावर उतरणे, थर्मासात बर्फ. मी शेजारच्या व्यापारी गृहस्थांकडे वळून हळूच म्हणालो, “पिणारा दिसतो.” त्यांनी मान डोलावली. पलीकडून मुलीच्या वडिलांनी ते ऐकले असावे. त्यांनी निजलेल्या मुलीला उचलून वरच्या बर्थवर नेले. कोणी त्या माणसाला काही बोलले नाही, आणि कोणी त्याच्याशीही काही बोलले नाही. माझ्या दोन शब्दांनी रात्रीत त्या बिऱ्हाडातला एक माणूस वाळीत पडला.

सकाळी भुसावळ आले. उन्हे तापू लागली होती. तो म्हातारा दारापर्यंत गेला, परत आला, आणि कोणाकडेच न पाहता म्हणाला, “इथं बरफ भेटन का जी?” आम्ही सारे गप्प. तेवढ्यात वरच्या बर्थवरची ती मुलगी खाली उतरली आणि सरळ त्याच्यासमोर बसली.

“आजोबा, थर्मासात औषध आहे का?”

म्हातारा तिच्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, “व्हय पोरी. माह्या नातवाचे इंजेक्शनं हायेत. पुन्याच्या डाक्टरनं देल्ले. आमच्या गावाकडं भेटत नाही. थंडं ठेवा म्हने, नाही तं वाया जातीन. म्हून रातभर जागलो.”

मुलगी नर्सिंग शिकत होती. तिने थर्मास उघडून पाहिला. कुप्या बर्फाच्या पाण्यात तशाच बुडालेल्या. ती म्हणाली, “आजोबा, अशी औषधं थंड ठेवायची, पण गोठू द्यायची नाहीत. बर्फ असा अंगाला लागू द्यायचा नाही.” तिने कुप्या पुसून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्या. त्या लहान मुलीच्या आईने डब्याचा रुमाल काढून दिला, तो वरून गुंडाळला. मुलीचे वडील काही न बोलता खाली उतरले आणि थंड पेयाच्या दुकानातून बर्फ घेऊन आले. अकोल्याला व्यापारी गृहस्थ उतरले.  दुपारी वर्ध्याला म्हाताऱ्याचा जावई फलाटावर उभा होता. उतरताना म्हाताऱ्याने थर्मास छातीशी धरून एका हाताने सगळ्यांना नमस्कार केला. मलाही केला. रात्री मी काय बोललो होतो, हे त्याला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते.

मागाहून मी त्या मुलीला विचारले, “तुला कसं कळलं?” ती म्हणाली, “मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण रात्रभर त्यांनी थर्मास एकदाही तोंडाला लावला नाही. वासही नव्हता. नुसता वरून हात लावून बघायचे. आणि खिशात औषधाच्या दुकानाची पावती दिसत होती. मग विचारून टाकलं.”

आता यातून घ्यायचे ते घेऊ या. माझे पाहणे चुकले नव्हते. लाल डोळे खरे, जागरण खरे, बर्फ खरा. चूक पाहण्यानंतर झाली. जे दिसले त्याला जुळणारे एक कारण मला सुचले, आणि पहिलेच सुचलेले कारण मी एकमेव कारण मानले. त्या मुलीने दोन कामे अधिक केली. आपल्या अंदाजात न बसणारी गोष्ट कोणती, ती तिने शोधली. आणि मग शंका मनात न ठेवता माणसालाच विचारले. म्हणून मघाशी साखळी-कुलपाचे दोन अर्थ सांगितले होते. प्रवासात कोणाविषयीही अंदाज बांधायचा झाला तर निदान दोन बांधावेत, हा माझा तेव्हापासूनचा नेम आहे. दोन अंदाज असले की मन आपोआप तिसऱ्या शक्यतेला जागा ठेवते.

आणि विचारायला आपण उगाच भितो. अमेरिकेतल्या शिकागो शहरात निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर या दोघा संशोधकांनी आगगाडीने रोज ये-जा करणाऱ्यांवर एक प्रयोग केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. काही प्रवाशांना शेजारच्या परक्याशी बोलायला सांगितले, काहींना एकटे गप्प बसायला सांगितले. गप्प बसलो तर प्रवास अधिक सुखाचा होईल, असा लोकांचा आधीचा कयास होता. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचा प्रवास अधिक सुखाचा झाला. आपल्या आजीला हे कोणी सांगितले असते तर ती म्हणाली असती, “यात शोध कसला लावला बाबा?” पण आजी जे सहज करीत असे ते आपण विसरत चाललो आहोत, म्हणून शोध लावावा लागतो.

पाहण्याचा उपयोग एकट्यादुकट्या माणसापुरता राहतो असेही नाही. दक्षिण आफ्रिकेतून १९१५ साली परत आल्यावर गांधीजींनी तिसऱ्या वर्गाने भरपूर प्रवास केला. १९१७ च्या सप्टेंबरात रांचीहून त्यांनी वर्तमानपत्रांना एक पत्र लिहिले, ते पुढे पुस्तिकेच्या रूपानेही निघाले. मुंबई ते मद्रास हा प्रवास त्यांनी १३ रुपये ९ आण्यांच्या तिकिटावर केला होता. डब्यावर २२ प्रवाशांची पाटी होती. पण त्यात २२ जणांना फक्त बसता येईल एवढीच जागा. आणि प्रवास दोन रात्रींचा! रायचूरच्या पुढे गर्दी असह्य झाली, सबंध प्रवासात डबा एकदाही झाडला गेला नाही, हे सारे त्यांनी नोंदवले आहे. पाटीवरचा आकडा, तिकिटाचे पैसे, रात्री किती, केर किती. सहप्रवासी गलिच्छ आहेत असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. ते का गलिच्छ राहतात, त्यांना मिळते काय आणि त्यांच्याकडून घेतले जाते काय, हेही त्यांनी पाहिले. ‘तिसरा वर्ग’ हे नाव १९७४ साली गेले. पण आजच्या बिनआरक्षित डब्यात सणासुदीला डोकावून पाहा, त्या पत्रातली पुष्कळशी ओळखीची माणसे तुम्हांला तेथे भेटतील.

आता थांबावे कोठे, तेही सांगितले पाहिजे. टक लावून पाहणे म्हणजे निरीक्षण नव्हे. विशेषतः एकटीने प्रवास करणाऱ्या बाईला पुरुषाची रोखलेली नजर किती जाचते, हे आपल्या घरातल्या कोणत्याही लेकीसुनेला विचारा. निजलेल्या माणसाचे मोबाइलवर चित्र काढू नये. दुसऱ्याच्या पडद्यावरचा मजकूर वाचू नये. आणि आपली एक जुनी वाईट खोड सोडावी. “आपलं आडनाव काय?” या प्रश्नात पुष्कळ वेळा आडनाव नकोच असते, त्यावरून जात लावून माणसाला मनातल्या एखाद्या खणात टाकायचे असते. एकदा तो खणात पडला की मग आपण त्याच्याकडे पाहणेच बंद करतो.

मात्र काही वेळा पाहून गप्प बसणे हाही दोष ठरतो. एखादे मूल एकटेच भेदरलेले दिसते. बरोबरच्या माणसाशी ते बोलत नाही, त्याला ओळखतच नाही असे वाटते. किंवा कोणाला घाम फुटला आहे आणि छातीवर हात आहे. अशा वेळी स्वतः निवाडा करू नये आणि दंगाही करू नये. तिकीट तपासनिसाला किंवा रेल्वे पोलिसांना सांगावे, रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर कळवावे. मुलाची गोष्ट असेल तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. आपला अंदाज चुकला तर चार मिनिटांची चौकशी होईल. खरा ठरला तर एका जिवाचे कल्याण होईल.

पुढच्या वेळी गाडीत बसाल तेव्हा तासभर मोबाइल पिशवीत ठेवून पाहा. समोरच्या बाकावर कोण आहे ते बघा, मनात दोन अंदाज बांधा, आणि मग काहीतरी साधे विचारा. पाणी हवे का, खिडकी लावू का, बर्फ कशाला हवा आहे. उत्तर तुमच्या दोन्ही अंदाजांहून निराळे येण्याचाच संभव अधिक आहे. आणि त्यांचे स्थानक आले की त्यांची पिशवी तेवढी वरून काढून द्या.